व्हिडिओतले अहो

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात रफूकाकूंचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीची टेबलं आणि वाफ, आणि अगदी मागे खिडकीपाशी एक खुर्ची, एक दिवा आणि रफूकाकू. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, लोकरीला कसर लागली, कुणाची पँट खिळ्यात अडकली, की कपडा तिकडे जायचा. काकू त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायच्या आणि बारीक सुईनं एक वर, एक खाली करत भोक बुजवायच्या. "भोक कुठं होतं ते सापडलं तर तो रफू कसला? त्याला ठिगळ म्हणतात," हे वाक्य नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. बाईंचा हात मऊ आणि तोंड तिखट. दुकानदारसुद्धा मागच्या खोलीत यायचा तो दारात खोकून यायचा.

गेल्या हिवाळ्यात काकूंचे अहो गेले. सकाळी दाढीला बसले आणि बसल्या जागी गेले, अर्ध्या गालाला फेस तसाच. काकूंनी तो टॉवेलनं पुसला, शेजाऱ्यांना बोलावलं, नातेवाइकांना फोन केले, सगळं यथासांग पार पाडलं आणि थोड्याच दिवसांत कामावर हजर झाल्या. रडल्या मात्र नाहीत. लोकांनी वाट पाहिली, की आज ना उद्या बाई मोकळी होईल. बाई काही मोकळी झाली नाही. कुणी म्हणालं केवढा धीर, कुणी म्हणालं दगड आहे दगड. नणंदेनं तर तोंडावरच सांगितलं, "वहिनी, थोडं तरी रडा हो, लोक काय म्हणतील!" काकू म्हणाल्या, "लोकांना म्हणावं बसा जरा. आलं की निरोप देते."

आता खरं सांगायचं तर काकूंनाही रडायचं होतं. पण दातांच्या डॉक्टरानं सुई टोचल्यावर गाल कसा होतो, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तशा त्या आतून झाल्या होत्या. दाबून बघावं तर काही कळत नाही. जेवण चवीला लागत होतं, झोप लागत होती, सुईत दोरा एका झटक्यात जात होता. सगळं चालू होतं, फक्त काही वाटत नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. अहोंचा आवाज त्यांना आठवेना झाला होता. चेहरा होता, चार-सहा फोटोंत का होईना. पण आवाज कुठंच नव्हता. हा माणूस जन्मभर छापखान्यात यंत्राशेजारी उभा राहिलेला. तिथे बोलून उपयोग नाही, म्हणून घरीसुद्धा कमीच बोलायचा. फोन आला की तो काकूंच्या हातात द्यायचा, कुणी मोबाइल उगारून शूटिंग करायला लागलं की उठून बाल्कनीत जायचा. बाल्कनीत त्याचा छंद होता. लोकांनी टाकून दिलेल्या छत्र्या गोळा करायच्या आणि एकीच्या काड्या दुसरीला लावून दोन मोडक्यांतून एक धड करायची. धड झालेली छत्री वापरायला कुणी नव्हतं, ती पुन्हा बाल्कनीतच. "एवढ्या छत्र्यांत एक गाव कोरडं राहील," काकू म्हणायच्या. त्यावर अहो काय म्हणायचे? काहीतरी म्हणायचे, नक्की म्हणायचे. पण काकू ते आठवायला बसल्या की ओठ हललेले दिसायचे, आवाज यायचा नाही. काकू घाबरल्या त्या एवढ्या एकाच गोष्टीला. आवाज गेला तर मागे राहिलं काय, छत्र्या?

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. लहानपणी भोंग्यासारखा रडायचा म्हणून त्याला सगळे भोपू म्हणायचे, तेच नाव तिशीपर्यंत चिकटलं. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा.

"नळ गळतो का अजून?"

"गळतो."

"प्लंबर आला नाही?"

"येऊन गेला."

"बरं."

"बरं."

दोघंही समोरच्यानं अहोंचा विषय काढायची वाट बघायची, आणि विषय काही निघायचा नाही. मग हळूहळू रविवार चुकायला लागले. आधी एक, मग लागोपाठ. काकूंनी आपणहून कधी फोन केला नाही. काम करणाऱ्याला मधेच हाक मारू नये, सुई टोचते, हा त्यांचा नियम. पोराच्या हातात सुई नव्हती, कॉम्प्युटर होता, पण नियम तो नियम.

काउंटरवर एक मुलगी होती. दिवसभर अखंड बडबड, म्हणून तिला काकूंनी चिवचिव नाव ठेवलं होतं. तिनंच काकूंच्या मोबाइलवर 'रफूकाकू' नावाचं खातं उघडून दिलं होतं. जगभरची माणसं सुईदोऱ्याचं काय काय करतात ते बघायचं काकूंना वेड लागलं होतं. कुणी फाटक्या मोज्यावर फूल विणतंय, कुणी चहाचा डाग झाकायला पक्षी काढतंय. "बघ बघ, भोक लपवायचं सोडून दागिन्यासारखं मिरवतायत! शहाणे आहेत का!" असं म्हणत काकू शेवटपर्यंत बघायच्या.

एके दिवशी चहाच्या वेळेला चिवचिव हसत हसतच मागच्या खोलीत आली. "काकू, हे बघाच. मी मेले हसून!"

मोबाइलवर एक दाढीवाला तरुण, खांद्यावर नॅपकिन, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर. चष्म्याची मोडकी काडी रबरबँडनं बांधलेली. वर लिहिलेलं, 'आमच्या मातोश्री'. तो ओट्यापुढे उभा राहून बाईच्या आवाजात करवादत होता, "या घरात झाकणांना पाय फुटतात! डबे बसलेत घरात आणि झाकणं गेली फिरायला! अहो, निळं झाकण बघितलंत का?"

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "हं."

"हं काय, हं? झाकण विचारतेय मी, तुमचं मत नाही विचारलं!"

चिवचिवनं हसून टेबलावर डोकं टेकलं. "काकू, अगदी तुमच्यासारखं बोलतो की नाही?"

काकू बघत राहिल्या. दाढीमागचा चेहरा भोपूचा होता. नॅपकिन खांद्यावर टाकायची पद्धत त्यांची. रबरबँडचा चष्मा तर आत्ता त्यांच्या नाकावर होता.

"सगळ्या बायका असंच बोलतात," काकू म्हणाल्या आणि कोटाची बाही जवळ ओढली.

राग यायला हवा होता. आपल्या पोटच्या पोरानं आपली जगापुढे नक्कल करावी, आणि आपल्याला ते चिवचिवनं दाखवावं! किंवा हसू तरी यायला हवं होतं, कारण झाकणांचं खरंच होतं. काकूंनी आत चाचपून बघितलं. ना राग, ना हसू. एक वर, एक खाली, त्यांनी रफू पुरा केला.

संध्याकाळी घरी मात्र त्यांनी मोबाइल ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला आणि भोपूचे व्हिडिओ लावले. बरेच होते, दोन-तीन वर्षांचे. व्हिडिओ कॉलवर फक्त कपाळ दाखवणाऱ्या मातोश्री. पाहुणे उठले की दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू करणाऱ्या मातोश्री. पोराला थंडी वाजत नसताना स्वेटर घालायला लावणाऱ्या मातोश्री. खाली लोकांनी बदाम टाकले होते, हसून लोळणारी तोंडं टाकली होती. 'माझी आई हीच आहे, फक्त पत्ता वेगळा,' असं कुणी लिहिलं होतं. काकू भांडी विसळत बघत होत्या. मेल्यानं काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

मग जेवणाचा व्हिडिओ लागला. मातोश्री हाक मारतात, "अहो, जेवायला!"

आणि बाहेरून आवाज आला, "आलो."

काकूंनी हात पुसले आणि गॅस बंद केला. दुसरं ताट काढून ओट्यावर ठेवलंसुद्धा, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करतोय.

व्हिडिओत मातोश्री कडाडल्या, "आलो म्हणजे कुठून आलो? परगावाहून? गाडी पकडताय का?" काकूंनी व्हिडिओ मागे नेला. "आलो." पुन्हा नेला. "आलो." तोच आवाज. थोडा बसलेला, शेवटच्या 'लो'वर खाली येणारा, आणि येण्याची काडीचीही घाई नसलेला. तो अर्थात भोपूचाच आवाज होता, अहोंसारखा काढलेला. ते कळत होतं काकूंना. पण इतके महिने शोधून जे डोक्यात सापडलं नाही, ते इथे ओट्यावर होतं. बोटानं दाबलं की यायचं.

त्या दिवसापासून काकू रोज संध्याकाळी जेवणाआधी तो व्हिडिओ लावायच्या. रडू तरीही आलं नाही. पण वाढून घेऊन बसावंसं वाटायचं, आणि तेही काही कमी नव्हतं.

सगळ्यांत नवा व्हिडिओ त्यांनी शेवटी बघितला. तो अहो गेल्यानंतरचा होता. काकूंना आधी वाटलं, आता तरी पोरानं हे थांबवायचं. पण मातोश्री तशाच, खांद्यावर नॅपकिन. "अहो, जेवायला!" म्हणाल्या आणि थांबल्या. उत्तर नाही. मातोश्रींनी टेबल पुसलं. "अहो, गार होतंय." उत्तर नाही. मातोश्रींनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं, पाण्याचं भांडं सरळ केलं, नळ गळतोय म्हणाल्या, प्लंबर येऊन गेला म्हणाल्या, आणि एकट्याच खाली बसल्या. संपला.

खाली लोक खदखदून हसले होते. 'आज अहो संपावर!' 'अहो पळून गेले, सुटले बिचारे!' 'अहोंना परत आणा, त्यांच्याशिवाय मजा नाही.' भोपूनं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

काकूंनी तो एकदाच बघितला. त्यातली टेबल पुसणारी बाई त्यांना ओळखीची होती, पण तिची नक्कल पोरानं कधी बघून ठेवली ते कळेना. तो तर अहो गेल्यावर चारच दिवस आला होता. मग त्यांना वाटलं, पोराला काहीतरी लिहावं. खाली लिहायला एक चौकोन होता. काकूंची समजूत अशी, की हा चौकोन म्हणजे पत्रपेटी. टाकलं की ज्याचं त्याला जातं. बाकीच्यांचं आपल्याला दिसतंय तर आपलंही बाकीच्यांना दिसेल, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एक एक अक्षर दाबलं, 'जेवायला हाक मारली की ते आधी खाकरायचे, मग आलो म्हणायचे. खाकरणं जुन्या व्हिडिओंतही राहून गेलंय. बाकी आवाज बरोबर आहे. तू जेवतोस ना वेळेवर? आई.' आणि दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी चिवचिव काउंटरवरूनच ओरडली, "काकू, त्या मातोश्रींच्या खाली कुणीतरी भन्नाट लिहिलंय! खाली सही काय तर म्हणे आई! लोक वेडे झालेत. 'साक्षात मातोश्री प्रकटल्या' म्हणतायत!" ती मोबाइल नाचवत मागच्या खोलीत आली. "आणि बाईंचं नाव बघा ना, नाव काय तर..."

तिथे ती थांबली. नाव तिनंच ठेवलेलं होतं.

"काकू," ती म्हणाली, "हा तुमचा मुलगा?"

"हं."

"आणि ते... अहो म्हणजे... अगं आई गं! मी इतके दिवस तुमच्यासमोर उभी राहून तुम्हालाच हसतेय!"

"मग? हसायलाच केलंय त्यानं. बस खाली, डोळे पूस, गिऱ्हाईक बघेल." काकूंनी सुई टाचणीच्या उशीत खोचली. "ते सगळ्यांना दिसतं का गं, मी लिहिलेलं?"

"सगळ्या जगाला, काकू."

काकूंनी मोबाइल हातात घेतला. लोकांनी काकूंच्या ओळींखाली ओळी लिहिल्या होत्या. 'मातोश्री, अहोंना जरा पाठवून द्या.' 'खाकरून आलो म्हणा, मग जेवण!' वाईट कुणीच लिहिलं नव्हतं. कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी काकूंनी नेहमीप्रमाणे मोबाइल भिंतीला टेकवला आणि व्हिडिओ शोधला. नव्हता. दुसरा शोधला, तोही नव्हता. झाकणं नव्हती, स्वेटर नव्हता, दारातल्या गप्पा नव्हत्या. 'आमच्या मातोश्री' नावाचं काही उरलंच नव्हतं. त्यांनी चिवचिवला फोन लावला. ती चाचरत म्हणाली, "त्यांनी सगळं काढून टाकलं, काकू. दुपारीच."

काकू ओट्याशी उभ्या राहिल्या. आवाज आपल्या हातानं घालवला, असं त्यांना वाटलं. एकदा गेला तेव्हा आपला काही दोष नव्हता. या खेपेला मात्र पत्रपेटी समजून आपणच. त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं. आलो. कसं म्हणायचा? आलो. छे, ही तर आपलीच जीभ.

मग काकूंनी नियम मोडला आणि पोराला फोन लावला.

"आई?" भोपूचा आवाज घाबरलेला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी जात नाही इतक्यात. ते काढलंस का तू?"

भोपू म्हणाला, "आई, सॉरी. तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतं ते. तू बघशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि लोक तुझ्या लिहिण्यावर हसायला लागले, ते मला बघवेना. चेष्टा नव्हती करायची तुझी."

"चेष्टाच होती. चांगली होती. लाव परत."

"नाही लावत. तुला हवे असतील तर पाठवतो सगळे, माझ्याकडे आहेत. पण नवीन नाही करणार."

"का?"

"बाबा येत नाहीत," भोपू म्हणाला. आणि मग घाईनं, "म्हणजे आवाज. लोकांना वाटलं, शेवटच्यात उत्तर मुद्दाम नाही दिलं. मुद्दाम कसलं! किती वेळा केलं, दर वेळी कुणीतरी भलताच म्हातारा बोलायचा. आधी कसं सहज यायचं गं, न विचार करता. शेवटी कंटाळून तसंच टाकलं. तुला फोन करायचो ना, तर तुझा आवाज ऐकला की वाटायचं आता मागून ते काहीतरी म्हणतील. ते म्हणायचे नाहीत. म्हणून फोनच बंद केला मी. पळपुटा आहे मी, आई."

इतके महिने काकूंना वाटत होतं, की पोराचं सगळं बरं चाललंय.

"मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "मलाही आठवत नाही, भोपू. मी तुझ्या व्हिडिओत ऐकत होते."

मग भोपूनं विचारलं, "आधी खाकरायचे?"

"आधी खाकरायचे."

"कसं?"

काकू खाकरल्या.

"आई, ही म्हैस आहे."

"मेल्या, आईला म्हैस म्हणतोस! थांब." पुन्हा खाकरल्या.

"घशातून नको. थोडं नाकातून."

"नाकातून नाही, ओठ मिटून. मिटून करायचे ते. हं... ऐक." आणि ते जमलं. अगदी तेच. छापखान्याच्या शाईनं घसा सुकलेला एक माणूस फोनच्या मध्यावर येऊन उभा राहिला होता, आणि हललं तर जाईल अशी दोघांना भीती वाटली.

"तसंच राहा," भोपू हलकेच म्हणाला. "मी हाक मारतो, तू उत्तर दे." आणि त्यानं काकूंच्या आवाजात हाक मारली, "अहो, जेवायला!"

काकूंनी आपली हाक पहिल्यांदाच बाहेरून ऐकली. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, आपण ओरडतो. पण त्यात ओरडणं नव्हतं. त्यात चक्क लाडीगोडी होती, आणि हे त्या माणसाला रोज ऐकू येत असणार. त्या ओठ मिटून खाकरल्या. 'आलो' जिभेवर आलं. पण त्या अडखळल्या. तो माणूस उशिरा यायचा, गार करून यायचा, पण आलो म्हणाला आणि आलाच नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्याच्या आवाजात त्याच्याकडून खोटं कसं वदवायचं?

"अगं," काकू म्हणाल्या, आणि आवाज अगदी बरोबर लागला. "अगं, तुम्ही दोघं घ्या जेवून. मी नाही यायचो आता."

मातोश्रींचा आवाज टाकून भोपू आपल्याच आवाजात म्हणाला, "बरं, बाबा." आणि मोठमोठ्यानं रडायला लागला. काकूंनी त्याला गप्प केलं नाही. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला, आणि त्याही रडल्या.